खिशातलं शहर

माझी धाकटी बहीण तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिच्यावर कुणी चिडायला नको. चिडायचं काम मी पुरेसं केलेलं आहे. दुकानदाराने तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण तिला दारातूनच दिसायचं. सख्ख्या मामाच्या दुकानातला काटा तिने सील केला, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायलाही गेली. घरात सगळे तिला मापटं म्हणतात. तिला ते नाव आवडतं, हे तर आणखीच वाईट.

मी शिवणवर्ग चालवते. अठरा मशिनी, अठरा बायका. आणि मला एकच मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तीन वर्षांपूर्वी ही भिंगरी एका मोठ्या पर्यटक जहाजावर लाँड्रीत नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मग, या आठवड्यात काय काय पाहिलंस?" ती सांगायची. सोमवारी मी ते वर्गात सांगायची. अठराही मशिनी बंद पडायच्या, आणि खोटं कशाला बोलू, थोडा मीठमसाला माझ्याकडचाही पडायचा.

एका शहराबद्दल ती भरभरून बोलायची. जहाज दर पंधरा दिवसांनी ज्या बंदरात थांबतं, तिथून आत, आगगाडीने तासाभराच्या वाटेवर असलेलं जुनं शहर. गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते, डावीकडे बसायचं. स्टेशनबाहेर दगडी सिंह आहे, त्याच्या तोंडातून पाणी येतं. चौकातल्या घड्याळातून बरोबर बाराला तांब्याचा कोंबडा बाहेर येतो आणि पंख फडफडवतो. आणि टेकडीवरच्या बुरुजाला दोनशे बारा पायऱ्या आहेत. मापटं कधीमधी वर्गात येऊन बसायची आणि हे सगळं डायरीत टिपून घ्यायची.

"अगं, कशाला लिहितेस?" मी विचारायची.

"असू दे ताई. कधी गेलो तर पडताळून पाहता येईल."

बाकीचे लोक शहर बघायला जातात. आमची मापटं ते पडताळायला जाते.

जहाजाच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा दोन नातेवाइकांना सवलतीत नेता येतं. भिंगरीने तीन वर्षं टाळाटाळ केली. कधी समुद्र खवळलेला असायचा, कधी खोल्या भरलेल्या असायच्या. शेवटी मापट्याने कुठून तरी फॉर्म मिळवला, स्वतःच भरला आणि सहीसाठी भिंगरीला पाठवून दिला. आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. अशा रीतीने आम्ही दोघी जहाजावर पोहोचलो, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते प्रसिद्ध बंदर आलं. भिंगरीने तिच्या साहेबांकडून दुपारी साडेचारपर्यंतची सुट्टी घेतली होती.

"आता तू आमची वाटाड्या," मी म्हटलं.

ती हसली, पण ते हसू मला जरा आखूड वाटलं.

स्टेशनवर ती तिकिटाच्या खिडकीसमोर उभी राहिली आणि वर लावलेला फलक वाचायला लागली. ओठ हलवत, बोटाने ओळी धरत, नवीन माणूस वाचतो तसं. दोनदा चुकीच्या रांगेत उभी राहिली. मग फलाटाचा आकडा झाडूवाल्याला विचारून आली. मला वाटलं, घाबरली असेल, आईला आणि मावशीला नेतेय, जबाबदारी आहे. गाडीत आम्ही डावीकडच्या खिडक्या धरल्या. गाडी सुटली, एका बोगद्यात शिरली, बाहेर आली, आणि दोन्ही बाजूंना भोपळ्याची शेतं लागली.

पंधरा मिनिटं झाली. भोपळेच. अर्धा तास झाला. भोपळेच.

मापट्याने डायरी उघडली. "समुद्र कुठाय गं?"

भिंगरी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेचा डबा न खाता परत आणायची आणि "खाल्ला" म्हणायची, तेव्हा तिचे कान असेच व्हायचे. ही पोरगी या गाडीत आज पहिल्यांदा बसली आहे. तिने हे शहर कधी पाहिलेलंच नाही.

आधी मला राग आला, आणि चांगला सणसणीत आला. तीन वर्षं मला बनवलं! अठरा बायकांसमोर मी हात नाचवून नाचवून कोंबडा करून दाखवला होता! पण मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. मांडीवर ठेवलेल्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. राग तिथेच ओसरला आणि भीती वाटायला लागली. आता हिला मापट्याने पकडलं तर? मापटं वाईट नाही, पण खोटं माप दिसलं की तिला गप्प बसता येत नाही. भर गाडीत, चार लोकांत ती माझ्या मुलीची झडती घेईल. चार दिवसांसाठी भेटलेली माझी मुलगी मान खाली घालून बसेल, आणि पुन्हा कधी मला मोकळेपणाने फोन करणार नाही. ते मला नको होतं. काय वाटेल ते झालं तरी नको होतं.

"आज गाडी दुसऱ्या मार्गाने नेलीय वाटतं," मी म्हटलं. "रुळांचं काम चालू असेल."

भिंगरीने चमकून माझ्याकडे बघितलं. मी भोपळे मोजायला लागले.

स्टेशनबाहेर कारंजं होतं. तिथवर सगळं ठीक होतं. पण पाणी ज्याच्या तोंडातून येत होतं तो चक्क मासा होता, चांगला गुबगुबीत, गोल डोळ्यांचा.

"सिंह," मापट्याने डायरीतून वाचलं. मग माशाकडे बघितलं. मग भिंगरीकडे.

"जुना दगड आहे गं," मी घाईघाईने म्हटलं. "पाण्याने झिजतो. आयाळ झिजली असेल."

"आयाळ झिजून खवले आले?"

"हवामान!" मी म्हटलं आणि दोघींचे हात धरून पुढे चालायला लागले. मापट्याने डायरीत 'सिंह' या शब्दापुढे काहीतरी खूण केली. कसली केली ते बघायची माझी छाती झाली नाही.

शहर मात्र सुरेख होतं. अरुंद गल्ल्या, पायांनी झिजून गुळगुळीत झालेले दगड, समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये दोऱ्या आणि त्यांवर कपडे. एका दारात एक म्हातारा खुर्चीची वेताची बैठक विणत होता. एका तळघरात छापखाना होता आणि जाळीतून शाईचा वास वर येत होता. मी बघत होते, पण त्याहून जास्त भिंगरीला बघत होते. ती भिंतींना हात लावत होती. कमानीखालून जाताना मान मागे टाकून वर बघत होती. तिचं तोंड उघडायचं, काहीतरी म्हणायला जायची, आणि तिला आठवायचं की आपण हे चाळीसदा पाहिलेलं आहे. मग ती तोंड मिटून म्हणायची, "हं, इथून डावीकडे." आयुष्यात पहिल्यांदा एवढं सुंदर काही बघायचं आणि कंटाळल्यासारखा चेहरा करायचा! माझा जीव तुटत होता. पण बोलायची सोय नव्हती.

बाराला पाच कमी असताना आम्ही चौकात पोहोचलो. घड्याळ होतं. मापट्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. बाराचे ठोके पडले, सगळे बारा. कोंबडा काही आला नाही. यायला तिथे दारच नव्हतं.

"दुरुस्तीला गेला असेल," मी म्हटलं.

"ताई, तू आज फार बोलतेयस," मापटं म्हणाली, आणि समोरच्या दुकानातल्या बाईकडे चौकशीला गेली. भाषा येत नव्हती, म्हणून तिने घड्याळाकडे बोट दाखवलं, मग दोन्ही कोपर हलवून पंख फडफडवले आणि भर चौकात आरवून दाखवलं. सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेली बाई! दुकानदारीणबाईंनी नीट ऐकून घेतलं, समजल्यासारखी मान डोलावली, आत गेल्या आणि तीन उकडलेली अंडी घेऊन आल्या.

भिंगरीला हसू फुटलं. मग मला. शेवटी मापटंही हसली, आणि आम्ही घड्याळाखालच्या पायरीवर बसून ती अंडी मीठ लावून खाल्ली. मला वाटलं, संपलं, आता हिचा पडताळणीचा भर ओसरला. पण मापट्याने हात पुसले आणि टेकडीकडे बघितलं.

"दोनशे बारा," ती म्हणाली.

"गुडघे दुखतात तुझे," मी म्हटलं.

"मोजण्यापुरते नाही दुखत."

बुरुजाचा जिना गोल आणि अंधारा होता. पुढे भिंगरी, मध्ये मापटं, मागे मी. मापटं मोठ्याने मोजत होती. मी तिचा आकडा चुकवायला जिवाचा आटापिटा केला. सत्तेचाळीसला मी विचारलं, तुझ्या पेन्शनचं काय झालं. नव्वदला विचारलं, आपल्या जुन्या घराचा क्रमांक किती होता गं. "एकशे सोळा आणि ही एक्याण्णव," ती म्हणाली आणि चढत राहिली. तीस वर्षांची सवय. शेवटी मीही मनात मोजायला लागले, आणि माझी शेवटची पायरी आली तेव्हा आकडा होता एकशे सत्त्याऐंशी. पंचवीस कमी. रुळांचं काम चालू असू शकतं, कोंबडा दुरुस्तीला जाऊ शकतो, पण पंचवीस पायऱ्या कुठे जातील?

वर भरपूर ऊन होतं, वारा होता. भिंगरी आधीच कठड्याशी पोहोचली होती. खाली सगळं शहर पसरलं होतं, लालसर छपरं, त्यांच्यामधून वळत गेलेली नदी, पलीकडे शेतं.

"आई!" ती ओरडली. "आई, लवकर ये! हे बघ, अगं केवढं आहे हे! नदी आहे! मला माहीतच नव्हतं इथे नदी..."

आणि ती थांबली. हळूहळू वळली. कान पुन्हा लाल.

मापटं जिन्याच्या तोंडाशी उभी होती, धापा टाकत, हातात डायरी. ती भिंगरीकडे बघत होती. कितीतरी वेळ बघत होती. मी मनात म्हटलं, हिने आता तोंड उघडलं तर मी हिच्याशी आयुष्यात बोलणार नाही.

मापट्याने पेन काढलं.

"दोनशे बारा," ती म्हणाली. "बरोबर आहे." आणि डायरीत खूण केली.

मी कठड्याचा आधार घेतला. सख्ख्या मामाला जिने सूट दिली नाही, ती ही बाई. लग्नात मिळालेला चांदीचा पेला वजनात दोन ग्रॅम कमी भरला म्हणून स्वतःच्या सासूला तसं लेखी कळवणारी ही बाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्याने आलं असं मी मुळीच म्हणणार नाही.

भिंगरीलाही ते कळलं. मावशीने काय केलं आणि ते करायला तिला किती जड गेलं असेल, हे तिला नेमकं कळलं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "एकशे सत्त्याऐंशी आहेत. मी पण मोजल्या." तिने एक श्वास घेतला. "मी आज पहिल्यांदाच आलेय इथे."

आणि ती तिथेच खाली दगडावर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. जहाज बंदरात लागतं त्या दिवशी लाँड्रीत सगळ्यात जास्त काम असतं. अर्धे प्रवासी उतरतात, नवे चढतात, सगळ्या खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल एकदम खाली येतात. काम संपलं की झोप. जमिनीवर पाय ठेवायचा म्हणजे धक्क्यावरच्या टेलिफोनपर्यंत, मला फोन करायला.

"मग हे सिंह, कोंबडे?" मी विचारलं.

"खिशांतून," ती म्हणाली. "कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासायचे, असा नियम आहे. त्यात काय काय निघतं! तिकिटं, नकाशे, माहितीची पत्रकं, कुणीतरी कुणाला लिहिलेल्या चिठ्ठ्या. मौल्यवान असेल ते वर पाठवायचं, बाकीचं फेकायचं. मी फेकायच्या आधी वाचायचे. पण लोक चार-चार दिवसांचे कपडे एकदम टाकतात ना, एकाच खिशात तीन गावं असायची. सिंह कुठला, कोंबडा कुठला, आता मलाही सांगता येणार नाही."

मापटं तिच्याशेजारी बसली. "म्हणजे खोटं माप नाही हे," ती विचार करून म्हणाली. "नमुन्यांची सरमिसळ झालीय."

"आणि तू काय केलंस मगाशी?" मी तिला विचारलं. "दोनशे बारा बरोबर?"

"प्रत्येक काट्याला थोडी सूट द्यावी लागते, ताई. नियमातच आहे."

"पंचवीस पायऱ्यांची सूट?"

"भाची एकच आहे," मापटं म्हणाली आणि नाक पुसलं.

"आई, तुला गाडीतच कळलं होतं ना?" भिंगरीने विचारलं.

"भोपळ्यांपाशी. पण मला एक सांग, तुला जे खरं होतं ते सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुला?"

ती जराशी हसली. "तू कधी विचारलंस? तू दर वेळी विचारायचीस, काय पाहिलंस. मी दिवसभर काय करते, ते कधीच नाही विचारलंस."

ते बरोबर होतं. तीन वर्षांचे रविवार, म्हणजे दीडशेच्या वर फोन. मला सोमवारी वर्गात सांगायला काहीतरी हवं असायचं, आणि लाँड्रीत सांगण्यासारखं काय असणार, असं मीच ठरवून टाकलं होतं. मुलीला थापा मारायला मी लावलं होतं. हे मला बुरुजावर, भर उन्हात कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "असू दे गं," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मग मात्र आमच्याकडे दीड तास होता आणि तिघीही नव्या होतो. काय धमाल केली आम्ही! भिंगरीला आता चेहरा सांभाळायचा नव्हता. ती दर दहा पावलांवर "अगं बाई!" म्हणायची. दोनदा रस्ता चुकलो, एकदा कुणाच्या तरी अंगणात शिरलो आणि त्यांनी आम्हाला पाणी देऊन मागच्या दाराने बाहेर काढलं. नदीच्या पुलावर मापट्याने पावलांनी लांबी मोजली. खुर्ची विणणाऱ्या म्हाताऱ्याने मला एक गाठ शिकवली, मी त्याला एक शिकवली. शेवटी इतका उशीर झाला की स्टेशनपर्यंत पळावं लागलं. सगळ्यात पुढे मोजणाऱ्या गुडघ्यांची मापटं.

गाडीत बसलो आणि दम खाल्ल्यावर मी म्हटलं, "हं. आता सांग. सकाळी उठल्यापासून."

ती सांगायला लागली. पहिले चार महिने ती रोज रडायची. खाली खिडकी नाही, मशीनचा आवाज, उकाडा. मग एका म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याने तिला वाफेची इस्त्री शिकवली. आता चादरींच्या घड्या घालायचं मोठं मशीन तिच्या ताब्यात आहे आणि हाताखाली अकरा माणसं. सात देशांची. गेल्या वर्षी भर समुद्रात ते मशीन बंद पडलं, तेव्हा तिने दोन दिवस सगळ्यांकडून हातांनी घड्या घालून घेतल्या आणि एकाही खोलीला चादर कमी पडू दिली नाही. कप्तान स्वतः खाली येऊन गेला. हे सगळं तिने असं सांगितलं, जसं काही किरकोळ आहे. आणि मी मूर्ख बाई तांब्याचा कोंबडा करून दाखवत होते!

"हातांनी कशा घालता एवढ्या मोठ्या घड्या?" मी विचारलं. तीस वर्षं कापडात गेलीत माझी, मला राहवेना.

"दाखवते. उठ."

तिने मापट्याची मोठी शाल घेतली आणि आम्ही डब्यातल्या मधल्या वाटेत समोरासमोर उभ्या राहिलो. गाडी हलत होती. आजूबाजूची माणसं पेपर खाली करून बघायला लागली.

"कोपरे धर. अंगठा आत. ताण दे. आता झटक!"

मी झटकलं.

"आई, असं नाही. मनगटातून. आणि माझ्याकडे बघ, कापडाकडे नाही."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ठाम, न चिडलेला, ऐकावाच लागेल असा. माझ्या शिवणवर्गात मी असं बोलते, आणि मला वाटायचं ते फक्त मलाच जमतं. मी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा झटकलं. शाल मध्ये सपाट झाली. खिडकीशी बसलेले एक आजोबा म्हणाले असावेत "वा!", कारण त्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या.

"आता चालत ये," भिंगरी म्हणाली. "घाई नको. कोपरे सोडू नकोस."

मी कोपरे घट्ट धरले आणि हलत्या गाडीत, पाऊल सांभाळत, तिच्याकडे चालत गेले. तिने माझ्या हातातले कोपरे तिच्या हातात घेतले, कडा जुळवून बघितल्या आणि मान डोलावली.

"जमतंय तुला," माझी मुलगी मला म्हणाली.